घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि अडलेलं वाचन: चौथीतल्या मुलीला कुठून शिकवायला घ्यावं?

सर, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. सोलापूरच्या पूर्व भागातली महापालिकेची मराठी शाळा. चौथीतली मुलगी. घरी तेलुगू, गल्लीत तेलुगू-मराठी मिसळून, वर्गात मराठी आणि पहिलीपासून इंग्रजी. बोलायला तरतरीत, तोंडी हिशेब पटकन करते, गोष्ट रंगवून सांगते. पुस्तक समोर आलं की मात्र अडते. एक ओळ वाचायला मिनिट लागतं, जोडाक्षर आलं की ते गाळते किंवा अंदाजाने भलताच शब्द म्हणते, श्रुतलेखनात वेलांट्या कुठेही पडतात. काही सहकारी म्हणतात, घरी तेलुगू आहे म्हणून असं होतंय. काही म्हणतात, डिसलेक्सिया, म्हणजे अक्षर आणि आवाज जोडून वाचण्यातली मुळातली अडचण, असेल. आईला कुणीतरी सांगितलंय की आजपासून घरी मराठीच बोला. पुढच्या वर्षी पाचवीत हिंदी येणार. हिला कोणत्या भाषेत आणि कुठून शिकवायला घ्यावं आणि अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राच्या मागे लागावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी विशेष शिक्षिका आहे. दोन-तीन भाषांत वाढणारी आणि वाचनात अडकलेली मुलं हेच माझं बरंचसं काम, आणि त्यात तेलुगू व कन्नड घरांतली मुलं पुष्कळ असतात. तेव्हा सगळ्यात आधी एक काम सांगते, ते उद्याच करा. आईला बोलावून सांगा की घरी तेलुगू बोलणं थांबवायचं नाही.

हे इतक्या ठामपणे सांगते, कारण या एका सल्ल्यामुळे झालेलं नुकसान मी वारंवार पाहते. विड्या वळत बसलेली आई तेलुगूत मुलीशी दिवसभराचं सगळं बोलते. कोण काय म्हणालं, का म्हणालं, मग काय झालं, तू असतीस तर काय केलं असतंस. तिला मराठीच बोला म्हटलं की तेवढ्या ताकदीची मराठी तिच्याजवळ नसते, आणि बोलणं ‘जेव’, ‘ऊठ’, ‘अभ्यास कर’ एवढ्यावर येतं. कारण सांगणं, क्रम लावणं, अंदाज बांधणं हे सगळं मूल बोलण्यातून शिकतं, आणि पुढे वाचलेलं समजायला तेच उपयोगी पडतं. द्विभाषिक मुलांच्या शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 च्या सुमारास हा विचार मांडला की मुलाच्या दोन भाषा वरून वेगळ्या दिसल्या तरी त्यांच्याखाली समजेचा पाया एकच असतो. माझा अनुभव तोच आहे. दोन भाषांमुळे डिसलेक्सिया होत नाही आणि वाढतही नाही. एक भाषा बंद केली म्हणून दुसरीला जास्त जागा मिळते, असंही होत नाही.

आता मूळ प्रश्न. ‘भाषेमुळे की अक्षमतेमुळे’ या वादात खरं तर दोन प्रश्न अडकलेत. एक, अडचणीचं कारण काय. दुसरा, उद्या सकाळी हिला काय शिकवायचं. शाळांमध्ये पहिल्याचं उत्तर मिळेपर्यंत दुसरा लांबणीवर पडतो, आणि तेवढ्यात वर्ष संपतं. दुसऱ्या प्रश्नाला थांबायची गरज नाही. उलट नीट, टप्प्याटप्प्याने शिकवलं की मूल कसं शिकतं ते दिसतं आणि पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

मी मुलीला पाहिलेलं नाही, त्यामुळे काही गोष्टी तिथल्या परिस्थितीवर सोडाव्या लागतील. कान आणि डोळे तपासलेत का? लहानपणी कान फुटत असेल, सर्दी कायम असेल तर ऐकू कमी येत असण्याची शक्यता आधी निकालात काढा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा तिचं नाव मुद्दाम पुढे करा. पहिली-दुसरीत हजेरी कशी होती, मधे शाळा बदलली का, त्या दोन वर्षांत वर्गाला नियमित शिक्षक होते का, हेही पाहा. ज्या मुलीला अक्षरं कुणी नीट शिकवलीच नाहीत तिला अक्षम म्हणणं अन्याय होईल.

हे झालं की वर्गातच काही गोष्टी तपासता येतात. माझा भर तुलनेवर असतो, आणि तुलना योग्य मुलांशी हवी. मराठी घरातल्या पहिल्या बाकावरच्या मुलीशी हिची तुलना करू नका. त्याच गल्लीतली, तेलुगू घरातली, तुमच्याच वर्गातली चार-पाच मुलं घ्या. सगळ्यांना सारखं श्रुतलेखन द्या, सारखा उतारा वाचायला द्या आणि चुका शेजारी शेजारी मांडा.

तेलुगूची सावली कुठे पडते ते ओळखता येतं. तेलुगूत ‘मा इल्लु पेद्ददि’ म्हटलं की वाक्य पूर्ण होतं, ‘आहे’ लागत नाही, म्हणून मूल ‘आमचं घर मोठं’ एवढंच लिहून थांबतं. तेलुगूत एकवचनी क्रियापदात पुरुष एका बाजूला आणि बाई, जनावर, वस्तू दुसऱ्या बाजूला. ‘अम्म वच्चिंदि’ म्हणजे आई आली आणि ‘पिल्लि वच्चिंदि’ म्हणजे मांजर आलं, यांत क्रियापद एकच. त्यामुळे ‘आली’ आणि ‘आलं’ यांची गल्लत होते. शब्दाच्या शेवटी स्वर लावायची सवय असते, म्हणून ‘बस्सु’, ‘कारु’. रोजच्या बोलण्यात महाप्राण, म्हणजे ‘ह’ मिसळलेले आवाज, हलके होतात, म्हणून ‘घर’चं ‘गर’ आणि ‘भाजी’ची ‘बाजी’. या चुका त्या चार-पाच जणांच्या वह्यांत थोड्याफार सगळीकडे दिसतील, बोलण्यातही ऐकू येतील आणि वर्षागणिक कमी होत जातील. त्यांच्यावर लाल पेन फिरवून फार काही साधत नाही.

वेगळ्या चुका हिच्या एकटीच्या वहीत आहेत का ते पाहा. ‘सरबत’चं ‘सबरत’, ‘कमळ’चं ‘मकळ’. मधलं अक्षर गायब. एकाच पानावर एकच शब्द तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी वाचणं. काल पक्कं झालेलं अक्षर आज अजिबात न ओळखणं. चौथीतही साध्या, जोडाक्षर नसलेल्या शब्दाला एकेक अक्षर उचलून जोडत बसणं. तेलुगूत असं काही नाही ज्यामुळे हे व्हावं. सगळ्या तेलुगू मुलांत हे नसेल आणि हिच्यातच असेल, तर घरच्या भाषेचं कारण सोडून द्या. दोन्ही तऱ्हांच्या चुका एकाच वहीत मिसळलेल्याही असू शकतात, आणि बहुतेक वेळा तसंच असतं.

इथे एक सावधगिरी. आपल्या लिप्या शिकायला वेळ लागतो. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध केला. अक्षरांचा सगळा संच हाताशी यायला मुलांना शाळेची कित्येक वर्षं लागतात, चौथीतही ते शिकणं चालूच असतं, असं त्यातून दिसलं. देवनागरीची घडण तशीच आहे. म्हणून चौथीत ‘ज्येष्ठ’ किंवा ‘स्वातंत्र्य’ वाचता आलं नाही एवढ्यावरून काही ठरवू नका. साध्या अक्षरांवरचा आणि काना-मात्रांवरचा वेग आणि अचूकपणा पाहा.

दुसरी तपासणी ऐकण्याची. गफ आणि टनमर या वाचनाच्या अभ्यासकांनी 1986 मध्ये एक सोपी मांडणी केली. वाचून समजण्यासाठी दोन गोष्टी लागतात, अक्षरांतून शब्द सोडवता येणं आणि ती भाषा ऐकून समजणं. यातलं एक जरी शून्यावर असलं तरी वाचन शून्य. बहुभाषिक मुलासाठी मी या मांडणीचा फार उपयोग करते. एक छोटी गोष्ट तेलुगूत कुणाकडून तरी सांगून घ्या. तुमच्या भागात तेलुगू बोलणारे शिक्षक किंवा मदतनीस शाळेत असतातच. तशाच पातळीची दुसरी गोष्ट तुम्ही मराठीत सांगा. तिसरी तिला वाचू द्या. तिन्हींवर ‘काय झालं, का झालं, पुढे काय होईल’ असे प्रश्न विचारा.

तेलुगू ऐकून छान समजलं, मराठी ऐकून बरंच समजलं आणि वाचून काहीच नाही, तर गाठ शब्द सोडवण्यात आहे. तेलुगू उत्तम, मराठी ऐकूनही कच्चं, पण अक्षरं मात्र खडाखड वाचते, तर तिला मराठी शब्दांची आणि बोलण्याची भर हवी, त्यात अक्षमता नाही. आणि तेलुगूतही गोष्ट तुटक, साधे शब्द सापडत नाहीत, बोलायलाच उशिरा लागली होती असं आई सांगते, तर तो भाषाविकासाचा दोष असू शकतो. त्यासाठी वाचा-भाषा तज्ज्ञ लागतील. खरा भाषादोष मुलाच्या सगळ्या भाषांत दिसतो, एकाच भाषेत दिसत नाही. म्हणून तेलुगूत तपासल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही. तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून मला ती पहिल्या गटातली वाटते, पण ती तेलुगूत गोष्ट कशी सांगते ते कुणीतरी ऐकायला हवं.

तिसरी तपासणी ध्वनींच्या खेळाची, कागदाशिवाय. ‘कमळ’मधून ‘क’ काढला तर काय उरतं? ‘बटाटा’मधून ‘ब’ काढला तर? तेलुगूत ‘पलक’, म्हणजे पाटी, यातून ‘प’ काढला तर? ‘अरटिपंडु’, म्हणजे केळं, यातून ‘पंडु’ काढलं तर? हे जमलं की ‘कान’चा पहिला आवाज बदलून ‘म्’ लावायला सांगा. आपल्या लिपीत शिकणाऱ्या मुलांना अक्षर तोडणं आधी जमतं, व्यंजन आणि स्वर वेगळे काढणं नंतर, म्हणून हाच क्रम ठेवा. मग दोन्ही भाषांत अर्थ नसलेले शब्द म्हणायला द्या: ‘मोलिबा’, ‘तुकेदामी’, ‘पिरुनोटेला’. शेवटी झाड, मांजर, घर, फूल, हात अशी पाच चित्रं उलटसुलट क्रमाने ओळींत काढा आणि भराभर नावं घ्यायला सांगा, एकदा मराठीत, एकदा तेलुगूत. यांत दोन्ही भाषांत ती तिच्या गल्लीतल्या मुलांच्या बरीच मागे असेल, तर डिसलेक्सियाची शक्यता खरीच आहे. तेलुगूत मुलांच्या बरोबरीने आणि फक्त मराठीत मागे असेल, तर तशी शक्यता कमी.

चौथी तपासणी मला सगळ्यात मोलाची वाटते, ती म्हणजे शिकवून पाहणं. तिला न येणारी चार जोडाक्षरं निवडा. तिला आणि तितकंच कच्चं वाचणाऱ्या आणखी दोघांना रोज वीस मिनिटं, दोन आठवडे, सारख्या पद्धतीने शिकवा. मग आठवडाभर थांबून विचारा. ज्याला फक्त सराव कमी पडला होता तो भराभर पुढे जातो आणि शिकलेलं टिकवतो. जिची अडचण मुळातली असते तिला त्याच चार अक्षरांसाठी कितीतरी जास्त फेऱ्या लागतात आणि तरीही त्यातलं काही निसटतं. ही नोंद लिहून ठेवा. पुढे मानसशास्त्रज्ञाला हीच सर्वांत जास्त उपयोगी पडेल.

औपचारिक चाचण्यांबद्दल थोडक्यात. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015 मध्ये ‘डाली’ हा चाचणीसंच आणला, तो सुरुवातीला हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या चार भाषांत झाला. त्यात शिक्षकांनी भरायचे चाळणी तक्ते आहेत, पहिली-दुसरीसाठी एक आणि तिसरी ते पाचवीसाठी दुसरा. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची अध्ययन अक्षमतेची चाचणीही सर्वत्र वापरतात. चाचणी कुठलीही असो, करणाऱ्याला तीन गोष्टी लेखी कळवा: घरची भाषा तेलुगू, मराठी कधीपासून कानावर आहे, आणि तेलुगूत गोष्ट सांगताना ती कशी असते. बुद्ध्यांकाचा शाब्दिक भाग दुसऱ्या भाषेत घेतला की गुण खाली येतात आणि हुशार मूल ‘मंद’ ठरतं. कृतीवर आधारलेल्या भागाचे गुण वेगळे पाहायची विनंती करा. अशी विनंती करायचा शिक्षकाला पूर्ण अधिकार आहे.

आता शिकवण्याकडे येते. वाचन कोणत्या भाषेत शिकवायचं? माझं उत्तर मराठीत. तेलुगूत वाचन शिकवणं तत्त्वतः उत्तम ठरलं असतं, पण तिच्या शाळेत, पुस्तकांत, फळ्यावर देवनागरी आहे, आणि अडखळणाऱ्या मुलीवर आणखी एक लिपी टाकणं आज योग्य नाही. तेलुगू-माध्यमाच्या शाळेतली मुलगी असती तर मी उलट सांगितलं असतं. लिपी एकच धरा आणि तीच पक्की करा. बोलताना, समजताना, विचार करताना मात्र दोन्ही भाषा मोकळ्या ठेवा.

रोज वीस-पंचवीस मिनिटं, ठरलेल्या वेळी. आठवड्यातून एकदा दीड तास बसवून काही होत नाही. या मुलांना आज शिकलेलं उद्या परत दिसायला हवं, परवाही दिसायला हवं.

बाराखडीबद्दल मला आग्रहाने सांगायचंय. आपल्याकडे ‘क का कि की’ सुरात म्हणून घेतात. या मुलांना तो सूर पाठ होतो आणि अक्षर ओळखता येत नाही. मधलं ‘के’ दाखवलं तर ती ‘क’पासून म्हणत म्हणत तिथवर येतात. म्हणून मी आडवी बाराखडी उभी करते. एक मात्रा घ्यायची आणि ती वेगवेगळ्या अक्षरांना लावायची: ‘रा, मा, का, ना, सा’. ती पक्की झाल्यावर दुसरी. मात्रा वेगळ्या रंगात लिहायची, म्हणजे अक्षरात दोन आवाज आहेत हे डोळ्यांना दिसतं. सुरुवातीची अक्षरं एकमेकांपासून वेगळी दिसणारी निवडा. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘प’ आणि ‘ष’, ‘ट’, ‘ठ’ आणि ‘ढ’ एकाच आठवड्यात शिकवू नका. एक घट्ट बसलं की मगच त्याचं जुळं आणा. तिच्या चौथीच्या पुस्तकाचा विचार या वीस मिनिटांत बाजूला ठेवा. तिला जी अक्षरं येतात तेवढ्यांचेच शब्द आणि वाक्यं वाचायला द्या, म्हणजे अंदाज मारायची सवय हळूहळू मोडते. अंदाज मारणारी मुलं आळशी नसतात, न वाचता येणाऱ्या मजकुराशी त्यांनी काढलेला तो मार्ग असतो.

ऱ्हस्व वेलांटी स्वतंत्रपणे शिकवा. ‘ि’ डोळ्यांना आधी दिसते आणि तोंडात नंतर येते, आणि हिच्या श्रुतलेखनात नेमकं तिथेच चुकतंय. मी पुठ्ठ्याची अक्षरं वापरते. मूल ‘प’ ठेवतं, आवाज म्हणतं, मग ‘इ’चा आवाज म्हणत वेलांटी उचलून डावीकडे लावतं. हात जे करतो ते तोंडाने म्हणायचं. ‘सूर्य’मधल्या रफाराचंही असंच. ‘र’ ऐकू येतो ‘य’च्या आधी आणि बसतो ‘य’च्या डोक्यावर. टिचक्या वाजवून ‘सू-र्-य’ असे आवाज मोजून घ्या, मग लिहा. जोडाक्षरं एका प्रकाराची एका वेळी: आधी उभी काठी जाणारी, जसं ‘ग्य’, ‘स्त’, ‘प्त’, मग ‘क्र’, ‘प्र’, मग रफार, मग ‘ट्र’, ‘द्ध’, ‘क्ष’, ‘ज्ञ’. शुद्धलेखनातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवर पहिले काही महिने गुण कापू नका. आवाज बरोबर पकडलाय की नाही तेवढं पाहा.

वेगाबद्दल. पायाभूत वाचन-गणितासाठीच्या केंद्राच्या निपुण भारत अभियानाच्या उद्दिष्टांत तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचणं आहे, आणि तुमच्यावर तो आकडा भरायचं दडपण असणार हे मला माहीत आहे. जिथे अक्षर आणि आवाज यांचं नातं बरंचसं सरळ असतं अशा लिप्यांत डिसलेक्सिया चुकांपेक्षा संथपणात जास्त उरतो. म्हणजे ही मुलगी पुढे अचूक वाचू लागेल, पण संथ राहील, आणि तेव्हाही तिची प्रगती खरीच असेल. आधी अचूकपणा. तो आला की तोच छोटा उतारा चार दिवस वाचून घ्या आणि तिचा आजचा वेग तिच्याच कालच्या वेगाशी ताडून पाहा. सगळ्या वर्गासमोर उभं करून वाचायला लावणं आजपासून बंद करा.

दिवसाच्या या तुकड्यात शब्द सोडवणं चालेल. उरलेल्या पाच तासांत तिचं डोकं उपाशी राहता कामा नये. इथे तेलुगू कामाला येते.

परिसर अभ्यासाचा धडा सुरू करण्याआधी पाच मिनिटं तिला आणि तिच्या भाषेच्या मैत्रिणीला विषयावर तेलुगूत बोलू द्या. मग काय बोललात ते मराठीत सांगायला सांगा. धडा तुम्ही किंवा जोडीदाराने वाचून दाखवावा. उत्तर तिने तोंडी द्यावं आणि त्यातलं एक वाक्य लिहावं. शाब्दिक उदाहरणं वाचून दाखवा. तोंडी हिशेब येणारी मुलगी लेखी गणितात अडते तेव्हा अडचण बहुधा वाचनाची असते, किंवा ‘पैकी’, ‘प्रत्येकी’, ‘उरले’ अशा शब्दांची. हे शब्द वस्तू हातात घेऊन दोन्ही भाषांत शिकवा.

मराठीचं सामान्यरूप या मुलांना फार छळतं. ‘शाळा’ शिकलेली, ‘शाळेत’ आलं की नवा शब्द वाटतो. ‘मासा’चा ‘माशाला’, ‘फूल’चं ‘फुलाला’, ‘पाणी’चं ‘पाण्यात’. इथे तेलुगू घरातल्या मुलीकडे एक गोष्ट आधीपासून असते. ‘इल्लु’ म्हणजे घर, पण घरात म्हणजे ‘इंट्लो’. तिला विचारा, तू ‘इल्लुलो’ म्हणतेस का? ती हसून नाही म्हणेल. मग ‘शाळा’चं ‘शाळे’ का झालं हे तिला चटकन पटतं. त्यानंतर मूळ शब्द एका रंगात आणि प्रत्यय दुसऱ्या रंगात लिहून, पट्ट्या जोडून-सोडून सराव घ्या. लांब शब्द तोडून वाचायची युक्ती यातून हाती येते, आणि मराठीत तर लांब शब्द बहुतेक प्रत्ययांनीच लांब झालेले असतात.

पुस्तकं हवीत, तर स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर एकाच गोष्टीच्या मराठी आणि तेलुगू आवृत्त्या फुकट मिळतात. घरी किंवा शेजारी तेलुगू वाचणारं कुणी असेल तर त्यांनी ती आधी तेलुगूत वाचून दाखवावी, नसेल तर फोनवर कुणाच्या आवाजात भरून पाठवा. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट मराठीत आली की पुढे काय होणार हे तिला माहीत असतं आणि सगळी शक्ती अक्षरांवर लावता येते. आईला एवढंच काम द्या की विड्या वळता वळता रोज एक गोष्ट किंवा एक ‘पोडुपु कथ’, म्हणजे कोडं, आणि शाळेत काय झालं ते तेलुगूत विचारणं. वाचून घ्यायचं ओझं आईवर टाकू नका.

इंग्रजी आणि हिंदीचं काय? इंग्रजी तोंडी चालू ठेवा: गाणी, सूचना, छोटे संवाद. लेखनात अक्षरांचे आवाज आणि तीन अक्षरी सोपे शब्द, एवढंच. इंग्रजीत अक्षराचं नाव वेगळं आणि आवाज वेगळा, हे तिला स्पष्ट सांगावं लागेल, कारण देवनागरीत दोन्ही एकच. इंग्रजीचं स्पेलिंग बेभरवशाचं असल्यामुळे तिथे ती जास्त अडखळेल, त्यावरून घाबरून जाऊ नका. मराठीची मात्रा-अक्षरं बसेपर्यंत इंग्रजी स्पेलिंगचं पाठांतर लादू नका. हिंदीला लिपी तीच, म्हणून मराठीवर घेतलेली मेहनत तिथे कामी येईल. पण मराठीत ‘कवी’, ‘पती’, ‘गुरू’ आणि हिंदीत ‘कवि’, ‘पति’, ‘गुरु’. वर्षभर तिला हा फरक लेखी विचारू नये, असं पाचवीच्या शिक्षकांना सांगा. हिंदी ऐकणं-बोलणं तिला जमेल, सोलापुरात ती कानावर असतेच. हिंदी विषय सोडायची घाई आत्ताच नको.

प्रमाणपत्राचा प्रश्न. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आली आहे, आणि निदान झालं तर त्या आधारावर तिच्यासाठी मदत मागता येते. प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून, साधारण तिसरीपासून पुढे मिळतं, ते शासकीय वैद्यकीय मंडळ देतं, आणि वाढत्या वयात पुन्हा तपासणी लागते. महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या परीक्षांत अशा मुलांना सवलती आहेत: जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, भाषाविषयांत सूट किंवा पर्याय. त्या वेळचा चालू शासन निर्णय मात्र पाहावा लागतो. माझं मत असं की आत्ता शाळा पातळीवर तोंडी परीक्षा, जादा वेळ आणि वाचून दाखवणं हे प्रमाणपत्राशिवाय सुरू करा, त्याला कुणाची हरकत नसते. शहर साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना कळवा. सहा महिने रोज शिकवूनही ती अडूनच राहिली तर नोंदींसह तपासणीला पाठवा. आणि ती माध्यमिक शाळेत गेल्यावर नववी उजाडेपर्यंत थांबू नका, कारण तेव्हा सगळेच एकदम रांगेत असतात.

पालकांना सांगताना शब्द जपून वापरा. ‘मुलगी मंद आहे का’ असं आई विचारेल. तिला तिच्या तोंडी हिशेबाचं आणि गोष्टीचं उदाहरण द्या. मग सांगा की छापील अक्षरातून आवाज काढायला हिला जास्त वेळ लागतो, आणि तो भाग आपण शिकवतोय. तेलुगू बोलल्यामुळे हे झालेलं नाही, हे वाक्य दोनदा म्हणा. गेलं वर्षभर ती बाई स्वतःला दोष देत असण्याची शक्यता मोठी आहे.

पाचवीत जाताना तिच्यासोबत एक पान द्या: कोणती अक्षरं आणि मात्रा पक्क्या आहेत, कोणत्या चालू आहेत, कोणती जोडाक्षरं अजून घेतलेली नाहीत, काय वाचून दाखवावं लागतं, आणि तोंडी परीक्षेत ती कशी आहे. म्हणजे नवे शिक्षक पुन्हा ‘अ’पासून सुरू करणार नाहीत.

ध्वनींच्या खेळाचे आणि दोन्ही भाषांतल्या गोष्टींचे निकाल हाती आले की मला लिहा. सोबत श्रुतलेखनाच्या पानाचा फोटो जोडा, मुलीचं नाव झाकून. जोडाक्षरांना आत्ता हात लावायचा की आधी मात्राच पक्क्या करायच्या, ते त्या पानावरून सांगता येईल.